बांधी, बोडी आणि ताट : अर्जुनी मोरगावचे घरचे जेवण

अर्जुनी मोरगाव तालुक्यात जेवण म्हणजे भात. सकाळी शिळा, दुपारी शेतावर डब्यातला आणि रात्री चुलीवरून उतरलेला गरम. वरण, भाजी, मासे, चटणी हे सारे त्याच्या सोबतीला येते आणि भात बरा जावा एवढ्यासाठीच शिजते. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांना लागून असलेला हा तालुका झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगल-धानाच्या पट्ट्याच्या पोटातला आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. त्याआधी हा भाग भंडाऱ्यात होता, आणि १९५६ पर्यंत तर मध्य प्रदेशात. त्यामुळे इथल्या चुलीचे नाते पुण्या-सांगलीपेक्षा बालाघाट आणि छत्तीसगडशी अधिक जवळचे आहे. (नावात साम्य असलेला सडक अर्जुनी हा शेजारचा वेगळा तालुका.)

मराठी पाकशास्त्राच्या छापील इतिहासात या चुलीला फारशी जागा मिळालेली नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले, कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. या पुस्तकांनी घरोघरच्या मुलींना स्वयंपाक शिकवला हे त्यांचे मोठेच काम. पण ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे ताटही त्यांनीच ठरवून टाकले. पोळी, आमटी, कोशिंबीर, मसालेभात. झाडीपट्टीतले आयते, सुकसा, वास्ते, सात्या ही नावे नागपूरच्या पलीकडे ऐकूही येत नाहीत. इथला स्वयंपाक सासूकडून सुनेकडे, आजीकडून नातीकडे तोंडी आला आणि अजूनही बराचसा तसाच येतो. म्हणून त्याची नोंद घेताना पाककृतींपासून सुरुवात करून चालत नाही. बांधी, बोडी, धुरा आणि जंगल या चार जागांवरून ताटात काय येते ते पाहावे लागते.

बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेले धानाचे शेत. तालुक्यात पावसाळा चांगला असतो. आषाढात चिखलणी होते, पऱ्हे उपटून रोवणी होते, आणि दिवाळीच्या मागेपुढे हलका धान कापणीला येतो. भारी धान त्यानंतर महिनाभराने. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणामुळे काही गावांना उन्हाळी धानही घेता येतो. पूर्वीच्या वाणांत लुचई, चिन्नोर, दुबराज, काळी कमोद ही नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. चिन्नोर हा बारीक, सुवासिक तांदूळ; भंडाऱ्याच्या चिन्नोरला आणि पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रोजच्या पोटाला मात्र आता १०१०सारखे भरघोस उत्पन्न देणारे सुधारित वाण लागतात, आणि पाहुण्यांसाठी एचएमटी किंवा जय श्रीराम.

एचएमटीची कथा याच पट्ट्यातली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षे निवडून पेरल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा, चांगल्या उताऱ्याचा वाण तयार झाला. त्या काळी नावाजलेल्या घड्याळाचे नाव त्याला पडले. देशभर हा तांदूळ गेला, व्यापाऱ्यांनी पैसा केला; दादाजींच्या हाती मान-सन्मान आले, संपत्ती आली नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. गोंदिया ते बल्लारशा या ज्या रेल्वेमार्गावर अर्जुनीचे स्टेशन आहे, त्याच मार्गावर नागभीड आहे. ज्या भाताने शहरातल्या खानावळीही भरल्या, त्याचा शोध या रेल्वेच्या पट्ट्यात एका शेतकऱ्याच्या नजरेने लावला, हे झाडीपट्टीच्या पाकशास्त्राच्या पहिल्याच पानावर यायला हवे.

तांदूळ घरी येतो तो आता गिरणीतून. घराघरांत ढेकी आणि मुसळ होते तेव्हा दाण्यावर कोंड्याचा थोडा थर राहत असे आणि भात किंचित तांबूस दिसे. गिरणीने काम वाचवले, आणि ते काम बाईचेच होते, म्हणून गिरणीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण पांढरेशुभ्र पॉलिश करण्याचा हट्ट गिरणीचा नव्हे, बाजाराचा आहे. एकदाच कांडलेला तांदूळ मागितला तर गिरणीवाला तसाही देतो. कांडताना फुटलेले दाणे म्हणजे कनकी. ती कधी वाया जात नाही. तिचे पीठ होते, तिची आंबील होते.

भात शिजवण्याची जुनी रीत अशी : जर्मनच्या गंजात भरपूर पाण्याला आधण आणायचे, धुतलेला तांदूळ त्यात सोडायचा, दाणा बोटात दाबून पाहायचा आणि आतली कणी जरा उरली असताना गंजावर झाकण धरून पेज निथळून घ्यायची. मग गंज विस्तवावरून काढून निखाऱ्यावर ठेवायचा. उरलेल्या वाफेवर भात मोकळा होतो. पेजेत मीठ घालून ती लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना देतात. उरलेल्या भातात रात्री पाणी घालून ठेवतात आणि सकाळी तो कांदा, मिरची, लोणच्याबरोबर खाऊन माणसे बांधीत उतरतात. शिजलेला भात थंड झाला की त्यातल्या काही पिष्टाचे रूप बदलते आणि ते सावकाश पचते. पाण्यात रात्रभर राहून तो हलकासा आंबतोही. अलीकडे शहरांत आंबवलेल्या अन्नाचे महत्त्व सांगणाऱ्यांना हा शिळा भात माहीत असायला हवा. मात्र ऐन उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत टिकत नाही, आणि वास बदललेला भात इथल्या बायका बिनदिक्कत गुरांपुढे ठेवतात. तेही त्याच शहाणपणाचा भाग आहे.

तांदळाच्या पिठाची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे आयते. कनकीचे किंवा जाड्या तांदळाचे पीठ ताकासारखे पातळ भिजवायचे, मीठ घालायचे, आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर वाटीने कडेकडून आत ओतत जायचे. पीठ पसरवण्यासाठी पळी फिरवायची नाही. फिरवली तर आयता फाटतो. तव्याला भिडताच त्याला जाळी पडते, कडा सुटतात आणि तो कागदासारखा उचलता येतो. पावसाच्या दिवसांत कोंबडीच्या रश्श्याबरोबर किंवा नुसत्या गुळाबरोबर आयते खाल्ले जातात. हे काम एकटीने होत नाही. एक जण तव्यापाशी बसते, दुसरी ताटापाशी, आणि खाणारे चुलीभोवती जमतात, कारण आयता थंड झाला की त्याची चव जाते.

बांधीला पाणी देते बोडी, आणि बोडीपेक्षा मोठा तो तलाव. गोंदिया-भंडाऱ्याला तलावांचे जिल्हे म्हणतात ते उगीच नाही. उतारावरचे पाणी अडवून तलाव बांधण्याचे कसब कोहळी समाजाचे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीस बांधला असे सांगतात. कोहळी उसाचीही शेती करत, त्यामुळे गुऱ्हाळे आणि घरचा गूळ हाही या तलावांचाच प्रसाद. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, कायद्याने संपली ती १९५१ मध्ये, आणि गावचे तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ तलाव, म्हणजे सरकारी कागदांतले मामा तलाव, ते हेच. मालक बदलले, पण गाळ काढायचा कोणी, पाळ दुरुस्त करायची कोणी, हे नीट ठरले नाही. अनेक तलाव उथळ होत गेले.

तलावातले अन्न केवळ मासे नव्हे. शिंगाडे तिथे होतात, कमळकंद तिथला, आणि काठावरचे देवधानही. देवधान म्हणजे रानटी धान. पेरावे लागत नाही, दाणे पिकताच गळतात, म्हणून ते गोळा करणे चिकाटीचे काम. मासेमारी ढिवर समाजाची. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो, कोणत्या महिन्यात जाळे टाकायचे नाही, याचे त्यांचे ज्ञान पुस्तकी शास्त्राला पुरवणी जोडणारे आहे. नवेगावला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी तिथल्या तलावावर ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प.

तलावांत पुढे रोहू, कटला, मृगळ यांची बीजे सोडली जाऊ लागली. हे मासे लवकर वाढतात, विकायला सोपे पडतात. पण तलावात पाणवनस्पती उरल्या नाहीत, बेशरमाची झुडपे काठ गिळू लागली आणि मरळ, वांब, शिंगूर यांसारखे गावठी मासे कमी झाले. अर्जुनी मोरगावात काम करणाऱ्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना, विशेषतः ढिवर स्त्रियांना बरोबर घेऊन यावर उपाय शोधला. बेशरम उपटायचे, उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या भागाची नांगरट करायची, मासोळीला उपयोगी पाणवनस्पती लावायच्या आणि गावठी मासे पुन्हा वाढू द्यायचे. जिथे हे नेटाने झाले तिथे मासे परतले. स्वयंपाकघराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे : बाजारात पुन्हा टोपलीभर लहान मासोळी दिसू लागली. ढिवर बाई ती वाट्यावर मोजून देते. ती आले-लसूण, हळद, तिखट आणि आंबटासाठी चिंच किंवा भेदरं (टमाटे) घालून शिजते. उन्हाळ्यासाठी झिंगे वाळवून ठेवतात; वांग्याबरोबर त्यांची भाजी होते तेव्हा घरात वेगळे काही शिजले आहे हे शेजाऱ्यांनाही कळते.

धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची पिके हा तिसरा भाग. धुऱ्यावर तूर लावतात. धान कापण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी, बांधीत ओल असतानाच उभ्या धानात लाखोरी, जवस, हरभरा फेकून देतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, ओलीत नाही, खत नाही. धान निघून जातो तेव्हा खाली लाखोरी बोटभर वर आलेली असते.

लाखोरीइतके वादग्रस्त धान्य महाराष्ट्राच्या ताटात दुसरे नाही, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. हिलाच लाख, लाखोळी किंवा हिंदीत खेसारी म्हणतात. तिच्या दाण्यांत ओडॅप नावाचे एक द्रव्य असते. दुष्काळात दुसरे काहीच नसताना माणसे महिनोन्महिने फक्त लाखोरीवर जगली की त्यांच्या पायांना कायमचा लुळेपणा येतो. त्या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. या भीतीने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पण शेतकऱ्यांनी ती पेरणे थांबवले नाही, कारण पावसाळ्यानंतर कोरडवाहू बांधीत दुसरे फारसे काही येत नव्हते. बंदीमुळे एवढेच झाले की लाखोरी स्वतःच्या नावाने विकली जाईना. ती तूरडाळीत आणि बेसनात मिसळून स्वस्तात खपू लागली. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठवण्यासाठी उपोषणे केली, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी मागे घेतली. मधल्या काळात कृषी संशोधकांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे ओडॅप कमी असलेले वाण काढले.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. लाखोरीने अपाय केला तो एकटेपणात, माणसाच्या ताटात दुसरे धान्यच नव्हते तेव्हा. भात, तूर, भाजी, मासे यांच्या सोबतीने ती थोडी थोडी खाल्ली तर भीतीचे कारण उरत नाही. शिवाय इथल्या बायका डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकतात, आणि त्या रीतीने ओडॅपचा बराच भाग निघून जातो हे प्रयोगशाळेतही दिसून आले आहे. लाखोरीचे वरण दाट होते, वडे खुसखुशीत होतात. कोवळ्या पाल्याची भाजी हिवाळ्यात करतात. जास्तीचा पाला उन्हात वाळवून ठेवतात, तो सुकसा. उन्हाळ्यात बाजारातली भाजी महाग होते तेव्हा मूठभर सुकसा कण्या किंवा डाळीबरोबर शिजवला की भाजीचा प्रश्न मिटतो. ‘डीहायड्रेटेड व्हेजिटेबल’ या नावाने आकर्षक पाकिटात मिळणारी वस्तू यापेक्षा वेगळी नाही, फक्त सुकशाला वीज लागत नाही.

जंगलाचे कॅलेंडर वेगळे. उन्हाळा संपताना कुड्याची फुले येतात. पहिल्या पावसात तरोट्याची कोवळी पाने उगवतात. लसणाची फोडणी देऊन ती भाजी वर्षातून एकदा तरी खाल्लीच पाहिजे असा शिरस्ता आहे. मग काटवल, पातूर, कोचईची पाने. बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते. ते कडू असतात आणि त्यांत सायनाइड देणारे घटक असतात, म्हणून बारीक चिरून, भिजवून, उकळून पाणी टाकल्याशिवाय ते कोणी शिजवत नाही. भर पावसात वारुळाजवळच्या मातीतून सात्या वर येतात. ही वाळवीबरोबर वाढणारी अळिंबी आहे. वाळवी आपल्या घरात बुरशीची बाग राखते आणि तिचीच ही छत्री. म्हणून तिची लागवड होऊ शकत नाही. ऑयस्टर अळिंबी खोलीत पिशव्यांत वाढते, सात्या वाढत नाहीत. त्या आल्याच्या सकाळी गोळा कराव्या लागतात, दुपारपर्यंत त्या उमलून किडतात. आठवडी बाजारात त्यांचा भाव मटणाशी स्पर्धा करतो, आणि घेणाराही तो दिल्याबद्दल कुरकुर करत नाही. खाण्याजोगी कोणती आणि विषारी कोणती हे ओळखणे मात्र जाणत्याचेच काम; फोटो पाहून अळिंबी खुडण्याची हौस जिवावर बेतू शकते.

मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलचा. पहाटे फुले गळतात, आणि घरची सारी माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वाळलेली मोहफुले भाजून, तीळ किंवा जवसाबरोबर कुटून त्यांचे लाडू गोंड आणि हलबा घरांत पूर्वापार होत आले आहेत. बियांचे म्हणजे टोरीचे तेल दिव्याला आणि तळणालाही चाले. पण मोहाचे नाव दारूशी इतके जोडले गेले की फुले साठवणे, नेणे यांवर निर्बंध आले आणि अन्न म्हणून त्याचा विचारच मागे पडला. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे निर्बंध सैल केले. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा आता वनोपजाचा व्यवहार स्वतः करू शकतात. बचत गटांचे मोहलाडू प्रदर्शनांत दिसतात, आणि शहरी ग्राहक ते ‘सुपरफूड’ म्हणून विकत घेतो.

या तालुक्यातल्या जेवणाचे आणखी एक अंग बाहेरून आलेल्यांनी जोडले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती इथे आहेत : अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर. भात आणि मासे खाणारी माणसे भात आणि मासे खाणाऱ्या प्रदेशात आली, त्यामुळे जुळवून घेणे जेवणाच्या बाबतीत तरी सोपे गेले असावे. फरक मोहरीच्या तेलाचा, पाचफोडणाचा आणि माशाचे डोके डाळीत घालण्याचा. गोठणगाव-प्रतापगडजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ मध्ये वसली. मोमो आणि थुक्पा महाराष्ट्रातल्या शहरांत हातगाड्यांवर येण्याच्या कितीतरी आधीपासून ते या तालुक्यात घरी शिजत आहेत. झाडीपट्टीचे जेवण म्हणजे शतकानुशतके न बदललेली एकच एक वस्तू, असे मानणाऱ्याने या वसाहतींतून एक फेरी मारावी.

सणाचे ताट निराळे, आणि त्यातही मंडईचे. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार (लोकनाट्य), रात्री नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्यांचा हंगाम इथूनच सुरू होतो. मंडईला लेकी-जावई, व्याही, सोयरे मुक्कामाला येतात आणि घरात एका वेळी वीस-पंचवीस पाने बसतात. सुवाऱ्या (पुऱ्या) तळतात, गुळाची बोंडे करतात, लाखोरी-बरबटीचे वडे होतात, आणि दुसऱ्या दिवशी मटण किंवा कोंबडी. नुकताच निघालेला नवा तांदूळ असतो. तो शिजताना चिकट होतो, म्हणून पाणी बेताने घालावे लागते. जन्माष्टमीला कानोबा बसतो, त्याच्यापुढे करंज्या, पापड्या, अनारसे टांगतात. पोळ्याला, जिवतीला आपापले पदार्थ आहेतच. या सणांमुळे तळण वर्षातून ठरावीक दिवशी व्हायचे. तेल महाग होते, म्हणून ते आपोआप होत असे.

आता तेल पाकिटात मिळते आणि तळण रोज होते. गेल्या तीस वर्षांतला हा बदल सगळ्यात मोठा आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यात घातक. जवसाचे, टोरीचे तेल मागे पडून सोयाबीनचे आले. रेशनच्या गव्हाने पोळी रोजची केली. कुकरने पेज संपवली, कारण कुकरमध्ये पाणी बेतशीर लागते आणि निथळायला काही उरत नाही. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस आला. धुराने खोकणाऱ्या बायकांचा त्यात फायदाच झाला. सिलिंडर महाग पडतो तेव्हा चूल पुन्हा पेटते, आणि अनेक घरांत चहा गॅसवर, भात चुलीवर अशी वाटणी दिसते. तालुक्याच्या चौकांत चायनीजच्या गाड्या लागतात. लग्नांत पनीर आणि जिरा राईस असतो, आणि भाताच्या प्रदेशात पाहुण्यांना बाहेरून मागवलेला बासमती वाढण्यात मान समजला जातो. हे पाहून वाईट वाटते.

रेशनच्या तांदळाने वेगळाच गोंधळ उडवला. शासनाने पोषणमूल्ये वाढवलेला, म्हणजे लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व बी-१२ मिसळलेला तांदूळ द्यायला सुरुवात केली. तांदळाच्या पिठात ही द्रव्ये मिसळून दाण्याच्या आकाराच्या कण्या करतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात घालतात. त्या कण्या रंगाने, वजनाने जराशा निराळ्या असतात आणि धुताना वर तरंगतात. आयुष्यभर तांदूळ निवडत आलेल्या बायकांच्या नजरेतून त्या सुटणे शक्यच नव्हते. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी अफवा पसरली आणि कित्येक घरांत त्या कण्या निवडून फेकल्या गेल्या. तांदूळ प्लास्टिकचा नाही. पण धान पिकवणाऱ्या माणसाला न विचारता, न समजावता त्याच्या भातात काही मिसळले तर तो शंका घेणारच.

याच काळात उलट दिशेचे वारेही आले. कृषी विभाग ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. तालुक्याच्या गावी बचत गटांच्या बायका तरोटा, काटवल, केना यांच्या जुड्या आणि शिजवलेले नमुने मांडतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि कोदो-कुटकीची आठवण निघाली. जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत ती गरिबाचे धान्य म्हणून टाकून दिली गेली होती. लाल अंबाडीच्या बोंडांची चटणी आणि सरबत इथे घरोघर होते, आता तीच बोंडे वाळून ‘हिबिस्कस टी’च्या डब्यात शिरली आहेत. या लाटेचा फायदा घ्यावा, बायकांच्या हाती चार पैसे येतात. पण एक धोका डोळ्यांआड करू नये. सात्यांचा, वास्त्यांचा भाव वाढला की त्या विकल्या जातात आणि गोळा करणाऱ्या घरातली मुले बाजारचे बिस्किट खातात. महोत्सवात भाजीचा स्टॉल पाहताना त्या घरात आज काय शिजले, हाही प्रश्न विचारला जावा.

लक्ष देऊन, सावकाश जेवणे हाही आजचा एक प्रवाह आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताणमुक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एक मनुका हातात घेऊन, पाहून, हुंगून, मग हळूहळू चावून खाण्याचा सराव होता. ‘माइंडफुल ईटिंग’ची पुढची बरीच चळवळ त्या मनुकेतून वाढली. इटलीत १९८६ मध्ये रोममधल्या झटपट खाद्याच्या दुकानाला विरोध करताना कार्लो पेत्रिनी यांनी ‘स्लो फूड’चा विचार मांडला. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवणाचे नियम आहेत : अन्न गरम असावे, आधीचे पचल्यावर खावे, फार घाईने खाऊ नये आणि फार रेंगाळूही नये, जेवणात मन असावे.

झाडीपट्टीच्या कामकरी माणसाला हे नियम कोणी शिकवले नाहीत. रोवणीच्या दिवसांत दुपारी धुऱ्यावर डबे उघडतात तेव्हा एकीची चटणी दुसरीच्या भातावर जाते, आणि कोणाच्या अंबाडीला मीठ जास्त झाले हे सगळ्यांना कळते. चवीकडे लक्ष देणे इथे आपोआप होते, कारण बोलण्याचा विषय तोच असतो. घरात रात्री मात्र चित्र बदलले आहे. ताट टीव्हीसमोर जाते, मुलाच्या हातात मोबाइल दिल्याशिवाय घास गिळला जात नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात, आणि पडद्याकडे पाहत जेवणारा तेवढ्या वेळात दोन घास जास्तच घेतो. पाट-पंगत परत आणण्याची गरज नाही. टीव्ही बंद करून एकत्र बसणे, पहिला भात नुसत्या वरणाबरोबर खाणे, वाढणाऱ्या बाईनेही त्याच पंगतीत बसणे, एवढ्याने बराच फरक पडतो. शेवटची गोष्ट तर सगळ्यात महत्त्वाची. घरातली जी बाई सगळ्यांच्या चवी सांभाळते, ती उरलेसुरले उभ्याउभ्या खाते, आणि सावकाश जेवणाच्या चर्चेत तिचा विचार सहसा येत नाही.

ज्या पदार्थाला घाई चालतच नाही तो म्हणजे काट्यांची लहान मासोळी. बोटभर मासा भातावर घेतला की अंगठा आणि दोन बोटांनी तो मधोमध दाबायचा, पाठीचा काटा शेपटीकडून ओढून काढायचा, बाजूचे बारीक काटे जिभेने चाचपायचे आणि घास भाताबरोबरच गिळायचा. बोलायचे ते काटा बाहेर आल्यावर. मुलाला चार-पाच वर्षांपर्यंत आई किंवा आजी काटे काढून भरवते, मग त्याच्या ताटात एक मासा ठेवते आणि नुसती पाहत राहते. अगदी लहान मासे तर काट्यांसकट खाल्ले जातात, आणि त्यातून मिळणारे कॅल्शियम मोठ्या माशाच्या तुकड्यातून मिळत नाही. नव्या पिढीला काटे नकोसे झाले आहेत. रोहू-कटल्याचा जाड तुकडा सोपा वाटतो, आणि हॉटेलात बिनकाट्याचा मासा मागितला जातो. पण ज्या गावांच्या तलावांत पाणवनस्पती पुन्हा लागल्या, तिथल्या बाजारात लहान मासोळीचे वाटे पुन्हा दिसतात, आणि रोहूच्या तुकड्यांच्या शेजारी मांडलेले ते वाटे आधी संपतात.